ब्रुक स्ट्रीटची दोन घरं आणि मधली भिंत

लंडनला कुणी ओळखीचं आलं की आठवड्याभरात फेसबुकवर तो फोटो येतोच. मेफेअरमधला ब्रुक स्ट्रीट, लागून असलेल्या दोन घरांच्या दर्शनी भिंती आणि त्यांवर घरात कोण राहून गेलं ते सांगणाऱ्या दोन निळ्या गोल पाट्या. २५ नंबरच्या पाटीवर अठराव्या शतकातला संगीतकार जॉर्ज फ्रिडरिक हॅन्डल, २३ नंबरच्या पाटीवर विसाव्या शतकातला रॉक गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्स. कॅप्शनही ठरलेली: मध्ये फक्त एक भिंत आणि दोनशे वर्षं! खाली गिटारचे इमोजी, दोनतीन बदाम.

फोटो जरूर काढा. माझी तक्रार एवढीच की त्या कॅप्शनमधली भिंत कुणी बघत नाही. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात माझा दिवस जातो, त्यामुळे माझी नजर आधी तिकडेच वळते. आणि माझं ठाम मत आहे की या दोन घरांतली बघण्यासारखी गोष्ट म्हणजे ती घरंच. हॅन्डल आणि हेन्ड्रिक्स हे त्यांचे भाडेकरू. खरंच भाडेकरू, दोघंही. मालक दोघांपैकी कुणीच नव्हता.

तर आधी भिंत. १६६६ च्या आगीत जुनं लंडन जळलं आणि पुढच्याच वर्षी, १६६७ मध्ये, पुनर्बांधणीचा कायदा आला. बाहेरच्या भिंती विटांच्या किंवा दगडाच्या, लाकडी सांगाडा बंद. घरांचे चार प्रकार ठरवून दिले आणि कुठल्या प्रकाराला भिंत किती जाड हेही लिहून ठेवलं. दोन घरांमधली सामाईक भिंत ही या सगळ्याची किल्ली होती. तिनं तुळयांचा भार घ्यायचा, चुलाण्यांची धुराडी पोटात घ्यायची आणि शेजारी आग लागली तर ती अलीकडे येऊ द्यायची नाही. अशा घरांच्या ओळीकडे लांबून बघितलं तर छपराच्या वर डोकं काढलेल्या या भिंती आणि त्यांवर धुराड्यांचे जथे दिसतात. दर्शनी भिंत त्या मानाने पातळ आणि नखरेल. घर उभं राहतं ते बाजूच्या दोन भिंतींवर.

आता बिल्डर. हो, बिल्डरच. २५ नंबरच्या घराला कुणी नामांकित वास्तुविशारद नव्हता. जॉर्ज बार्न्स नावाच्या इसमाने १७२१ ते १७२३ च्या दरम्यान चार घरांची ओळ बांधली, त्यातलं हे एक. जमीन लंडन शहराच्या कॉर्पोरेशनची, कॉन्ड्युइट मीड नावाच्या इस्टेटीतली. पद्धत अशी होती: जमीनमालक जमीन विकत नसे, काही दशकांच्या कराराने बिल्डरला देत असे. बांधकामाच्या सुरुवातीच्या काळात भुईभाडं नाममात्र. तेवढ्यात बिल्डरने भिंती, मजले, छप्पर उभं करायचं आणि गिऱ्हाईक शोधून करार पुढे विकायचा. खिशात रोख कमी, म्हणून कारागीर आपापसांत कामाची अदलाबदल करत. गवंड्याने सुताराच्या घराच्या भिंती बांधायच्या, सुताराने गवंड्याच्या घराचे मजले आणि जिने करायचे. पैसे फिरायचे नाहीत, काम फिरायचं. करार संपला की जमीन वरच्या घरासकट मूळ मालकाकडे. म्हणजे पैसा लावणारा एक, राहणारा दुसरा आणि शेवटी मालकी तिसऱ्याचीच! आपल्याकडे रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा बसून ऐकलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

हॅन्डल १७२३ च्या उन्हाळ्यात या कोऱ्या घरात आला, अडतिसाव्या वर्षी. जर्मनीतल्या हालं गावचा माणूस. परदेशी असल्यामुळे तेव्हा त्याला इथे घर विकत घेता येत नव्हतं, लांब मुदतीचा करारही करता येत नव्हता. १७२७ मध्ये तो ब्रिटिश प्रजाजन झाला, अडचण सुटली. तरी तो भाड्यानेच राहिला, १४ एप्रिल १७५९ ला याच घरात मरेपर्यंत. छत्तीस वर्षं एका पत्त्यावर. पत्ता म्हणायचा तो आपला आपण. घरांना नंबर देण्याची पद्धत लंडनमध्ये त्याच्या मृत्यूनंतर रूढ झाली.

समोरून बघितलं तर घर अगदी साधं. प्रत्येक मजल्यावर तीन खिडक्या, काळपट तपकिरी वीट, खिडक्यांभोवती घासून नेमक्या मापात बसवलेली लाल वीट. नक्षी नाही, खांब नाहीत. लोक याला जॉर्जियन, म्हणजे अठराव्या शतकातल्या जॉर्ज राजांच्या काळची, अभिरुची म्हणतात, संयम म्हणतात. अभिरुची असेलही. पण त्यातलं बरंचसं फायर ब्रिगेडचं काम आहे. १७०७ च्या कायद्याने छपराखालचे लाकडी नक्षीदार पट्टे बंद केले, कारण आग त्यांवरूनच घराघरांवर उड्या मारत जायची. त्याऐवजी दर्शनी भिंतच छपराच्या वर चढवून विटांचा कठडा करायचा. १७०९ च्या कायद्याने खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या तोंडापासून चार इंच आत घ्यायला लावली. खिडकीभोवती जी छान सावली पडते, जिच्यामुळे सपाट भिंतीला खोली येते, ती या चार इंचांची. पुढे पुस्तकांमधून त्या सावलीचं सौंदर्यशास्त्र लिहिलं गेलं. आमच्या धंद्यात हे नेहमीचंच आहे, आधी नियम येतो आणि मागून त्याला तत्त्वज्ञान मिळतं.

आत जाऊ या. या घराचा नकाशा पाच मिनिटांत पाठ होतो. प्रत्येक मजल्यावर पुढे एक मोठी खोली, मागे एक लहान खोली, त्या मागच्या खोलीला चिकटून एक चिमुकली कोठी, आणि एका बाजूला जिना. झालं. तळघरात स्वयंपाकघर, तळमजल्यावर आल्यागेल्याची बैठक, पहिल्या मजल्यावर सगळ्यात उंच आणि चांगल्या खोल्या, दुसऱ्यावर झोपायचं, आणि छपराखाली नोकर. रस्त्यावरून नुसत्या खिडक्यांची उंची बघूनही हे वाचता येतं. पहिल्या मजल्याच्या खिडक्या सगळ्यात ऐटदार, वर जाल तशा बुटक्या. घरातल्या माणसांची पत विटांवर लिहून ठेवलेली.

हा नकाशा मेफेअरचा नाही, हॅन्डलचा तर मुळीच नाही. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये हजारो घरं याच साच्यातून निघाली. कुणी रुंद, कुणी अरुंद, पण पुढे-मागे-कोठी-जिना हा हिशेब तोच. दोन्ही बाजूंना सामाईक भिंती असल्या की उजेड येणार तो पुढून आणि मागूनच. म्हणून खोल्या दोनच ओळींत. तिसरी ओळ काढली तर मधली खोली अंधारी. या एका मर्यादेतून बाकी सगळं ठरतं.

जिन्यापाशी मात्र थांबा. तिथे थोडं वाकून बघायचं. जिन्याची उघडी बाजू, म्हणजे प्रत्येक पायरीचं टोक जिथे खालून चढणाऱ्याला दिसतं, तिथे लाकडात कोरीव काम आहे. कठड्याचे दांडे कातलेले. रस्त्यावरून शांत, जवळजवळ अबोल वाटणारं घर पहिला खर्च करतं तो इथे, कारण पाहुणा दारातून आत आल्यावर त्याला पहिलं दिसतं ते हे. आणि जसजसं वर जाल तसतसा जिन्याचा थाट उतरतो. नोकरांच्या मजल्याकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर कुणी कोरीव काम करत बसत नसे. हा जिना घरातला जुना, अस्सल भाग आहे. बाकी बऱ्याच गोष्टी अस्सल नाहीत. त्यावर पुढे येते.

जिना एकच आहे, हे लक्षात घ्या. श्रीमंतांच्या मोठ्या घरांत नोकरांसाठी मागे वेगळा जिना असायचा. इथे नाही. प्रत्येक मजल्यावरच्या चुलाण्यासाठी कोळसा याच जिन्याने वर जायचा, राख आणि रात्रीची शौचाची भांडी याच जिन्याने खाली. आणि याच जिन्याने सरदार घराण्यातल्या बायका तालीम ऐकायला वर जायच्या. कोळशाची घमेली आणि रेशमी घागरे एकाच वळणावर! १७३५ च्या एप्रिलमध्ये मेरी पेंडार्व्हिस नावाची बाई, पुढे मेरी डेलनी म्हणून नाव झालेली, बहिणीला घेऊन हॅन्डलच्या घरी ‘अल्चिना’ या ऑपेराची पहिली तालीम ऐकायला आली होती. तिने पत्रात लिहिलंय की हा माणूस वाजवत असताना मला तो आपल्याच जादूमध्ये वेढलेला एखादा मांत्रिक वाटला. तालीम बहुधा पहिल्या मजल्यावरच्या पुढच्या खोलीत झाली असणार. त्या खोलीत आज उभं राहिलं की खोली किती लहान आहे याचाच धक्का बसतो. हार्पसिकॉर्ड (पियानोसारखं जुनं वाद्य), गायक, चारदोन वादक, खुर्च्या मांडून बसलेले श्रोते, आणि भिंतींवर चित्रं. चित्रांचा त्याला नाद होता, मेला तेव्हा सुमारे ८० चित्रं निघाली. गर्दी काय झाली असेल! पण भिंतींना लाकडी फळ्यांनी मढवलेल्या त्या बेताच्या खोलीत आवाज दाटून येतो, विखरत नाही. बार्न्सच्या स्वप्नातही हे नसणार.

‘मसाया’ ही हॅन्डलची सगळ्यात गाजलेली रचना. ती १७४१ मध्ये २२ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर या चोवीस दिवसांत याच घरात लिहून झाली, हे सगळेच सांगतात. मी त्यात भर एवढीच घालेन की घराची पुढची बाजू उत्तरेकडे आहे. म्हणजे पुढच्या खोल्यांत दिवसभर एकसारखा, थंड उजेड, आणि ऊन येतं ते मागे. जानेवारीत त्या पुढच्या खोलीत बोटं चालवायची म्हणजे चुलाणं सतत पेटतं ठेवायला हवं. पुन्हा कोळसा, पुन्हा तो जिना.

त्या काळच्या अशा घरांतल्या पाण्याची गोष्ट तर आपल्या लोकांना लगेच कळेल. चेल्सी वॉटरवर्क्स कंपनी १७२३ मध्येच निघाली, म्हणजे हॅन्डल राहायला आला त्याच वर्षी. पश्चिम लंडनच्या नव्या वस्त्यांना एल्म झाडाच्या खोडांत भोक पाडून केलेल्या नळांमधून पाणी यायचं. चोवीस तास नव्हे हं, ठरावीक दिवशी, ठरावीक तास. तेवढ्यात शिशाची टाकी भरून ठेवायची. मेफेअरमध्ये टाकी भरली का म्हणून नोकरावर खेकसणारे साहेब डोळ्यांसमोर येतात आणि बरं वाटतं.

हॅन्डल गेल्यावर घरातल्या सामानाची यादी झाली, त्याचा नोकर जॉन डुबर्क याने ते सामान ४८ पौंडांना घेतलं आणि घरही पुढे त्यानेच चालवलं. ही यादी आजच्या संग्रहालयाचा मोठा आधार आहे. पलंगाला लाल पडदे होते, स्वयंपाकघरात काय काय भांडी होती, हे त्यावरून कळतं. भिंतींवर आज जो करडा रंग दिसतो, तोही रंगाचे जुने थर तपासून ठरवला आहे. पांढऱ्याशुभ्र जॉर्जियन खोल्या हे बरंचसं नंतरचं, मासिकांतलं प्रकरण.

नंतरच्या दीडदोनशे वर्षांत मेफेअर बदललं. खालच्या मजल्यांवर दुकानं आली, वर कचेऱ्या, भाड्याचे फ्लॅट. १९०५ च्या सुमारास एका कलावस्तूंच्या व्यापाऱ्याने २५ नंबरच्या तळमजल्याची दर्शनी भिंत काढून दुकानाचं तोंड बसवलं, आतल्या भिंतीही पाडल्या. या भिंती काढल्या तरी घर पडलं नाही, कारण सुरुवातीला म्हटलं तसं, ते बाजूंच्या भिंतींवर उभं आहे.

आणि मग १९६८. २३ नंबरच्या तळाशी ‘मिस्टर लव्ह’ नावाचं रेस्टॉरंट, आणि वरच्या मजल्यावर आठवड्याला ३० पौंड भाड्याचा फ्लॅट. हेन्ड्रिक्सची मैत्रीण कॅथी एचिंगहॅम हिने वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून तो शोधला. जुलै १९६८ ते मार्च १९६९, जेमतेम काही महिने, मधले दौरे वेगळेच. पडदे आणि उशा ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या जॉन लुईसमधून. शेजारच्या घरात कोण राहत होतं हे कळल्यावर त्याने ‘मसाया’ची रेकॉर्ड विकत आणली.

इथे मला घराची खरी गंमत दिसते. अशा घरांत वरचा मजला मुळात सगळ्यात हलक्या दर्जाचा. छत खाली, खिडक्या लहान, चुलाणं नावापुरतं. अठराव्या शतकात तिथे मोलकरणी झोपायच्या. विसाव्या शतकात तीच जागा तरुण भाडेकरूला सोयीची झाली. रस्त्याचा गोंगाट खाली राहिला, रात्री-बेरात्री वाजवायला वर कुणी नाही, आणि मेफेअरच्या दुकान-कचेऱ्यांच्या वस्तीत संध्याकाळनंतर तक्रार करायला शेजारी नाहीत. मजल्यांची उतरंड उलटीपालटी झाली आणि नकाशात काही म्हणता काही बदलावं लागलं नाही. ज्या घरात एक खोली स्वयंपाकाला, एक दिवाणखान्याला, एक मास्टर बेडरूमला असं सगळं घट्ट ठरवून टाकलेलं असतं, तिथे हे जमत नाही. आम्ही आज पंचवीस पानी ब्रीफ घेऊन ‘लवचिक जागा’ डिझाइन करायला बसतो. बार्न्सने गिऱ्हाईक कोण येणार हे माहीत नसताना बांधलं, म्हणून त्याला ती आयती जमून गेली.

आता संग्रहालय. हॅन्डलचं घर नोव्हेंबर २००१ मध्ये लोकांना खुलं झालं. कल्पना स्टॅनली सॅडी या संगीत-अभ्यासकाची, तीही १९५९ पासून डोक्यात घोळत असलेली. पण तळमजल्यावर दुकान भाड्याने होतं, त्यामुळे प्रवेश मागच्या लँकेशर कोर्ट नावाच्या बोळातून. हॅन्डलकडे सगळे मागच्या दाराने! हेन्ड्रिक्सच्या खोल्यांत तेव्हा संग्रहालयाचं ऑफिस होतं. २०१६ मध्ये त्या जुन्या फोटोंवरून पुन्हा सजवून खुल्या केल्या. आणि मे २०२३ मध्ये मोठं काम पूर्ण झालं: दुकान गेलं, तळमजल्याची जॉर्जियन दर्शनी भिंत आणि दार नव्याने बांधलं, तळघरातलं स्वयंपाकघर पुन्हा उभं केलं.

यावरून माझ्या व्यवसायातल्या मंडळींशी माझे वाद झालेत. एक पक्ष म्हणतो, १९०५ चं दुकानही इतिहासच होतं, ते काढून २०२३ मध्ये १७२३ ची नक्कल बांधणं म्हणजे खोटेपणा. तत्त्व म्हणून मला हे पटतं, एरवी मी याच पक्षात असते. जुन्या वास्तूला ‘मूळ रूप’ देण्याच्या नादात मधली दोन शतकं खरवडून काढण्याचा मला तिटकारा आहे. पण या घराच्या बाबतीत मी संग्रहालयाच्या बाजूने आहे. घराचा अर्थ दारापासून सुरू होतो. दार, अरुंद वाट, बाजूला बैठक, समोर जिना, हा क्रम चालून गेल्याशिवाय वरच्या खोल्या म्हणजे नुसत्या खोल्या राहतात. मागच्या बोळातून येणाऱ्याला हे घर कधीच कळलं नसतं.

माझी अट एकच: नवं आहे ते नवं आहे असं ठळक सांगा. खोलीत शिरणारा प्रत्येक माणूस भिंतीवरच्या लाकडी फळीवर हात ठेवून ‘हॅन्डलनेही इथेच हात ठेवला असेल’ असं म्हणत असतो, आणि ती फळी असते आपल्या हयातीतली. त्याच वेळी तो ज्या खऱ्या जिन्यावरून चढून आला, त्याकडे त्याने ढुंकूनही बघितलेलं नसतं. हेन्ड्रिक्सच्या खोलीत उलट गंमत आहे. तिथे सामान जमवलेलं, मांडलेलं आहे हे सगळ्यांना कळतं, त्यामुळे कुणी फसत नाही. मला ती खोली जास्त प्रामाणिक वाटते.

लंडनमधल्या मराठी माणसांना हा प्रश्न परका नाही. प्रिमरोझ हिलजवळ किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर, जिथे बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले, ते महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतलं. तेही रांगेतलंच, शतकाहून जास्त नंतरच्या साच्यातलं. घराचं संग्रहालय करायला कॅम्डेन कौन्सिलने, म्हणजे तिथल्या पालिकेने, परवानगी नाकारली, कारण काय तर राहती जागा कमी होते. चौकशी, सुनावणी होऊन मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारकडून परवानगी मिळाली. परवानगी नाकारली तेव्हा आपल्याकडे बरीच आगपाखड झाली आणि निकाल योग्यच लागला असं माझंही मत आहे. पण कौन्सिलचा मुद्दा हास्यास्पद नव्हता. ही घरं राहण्यासाठी बांधलेली आहेत आणि लंडनमध्ये राहायला जागा नाही. म्हणून अशा घराचं संग्रहालय करताना ते घर म्हणून दिसलं पाहिजे. परदेशातून आलेला एक विद्यार्थी भाड्याच्या खोलीत कसा राहत असेल, जिना किती अरुंद, खिडकीतून उजेड किती, हे तिथे गेल्यावर कळायला हवं. नुसत्या तसबिरी आणि फलक तर कुठल्याही हॉलमध्ये लावता येतात.

ब्रुक स्ट्रीटला जाणार असाल तर शक्यतो गर्दी नसताना सकाळी जा. पाट्यांचा फोटो काढून झाला की रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर उभे राहा आणि खिडक्यांच्या उंची बघा. मग आत. जिन्यात कुणी मागून ढकलत नसेल तर पायऱ्यांची टोकं बघा. बाहेर पडल्यावर लँकेशर कोर्टातही एक चक्कर मारा, मागच्या भिंती तिथून दिसतात. आणि संवर्धनवाल्या मित्रमैत्रिणींनो, १९०५ च्या दुकानाच्या बाजूने भांडायचं असेल तर कमेंट्स उघड्या आहेत. फक्त एकदा नव्या दारातून आत जाऊन या, मग बोलू.